डाव्या तोंडाची गोगलगाय

खोली भाड्याने आहे का, एवढंच विचारायला मी जठारपेठेतल्या त्या घरी गेलो होतो. दार उघडणाऱ्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या तळहातावर दोन शंख ठेवले. करंगळीच्या नखाएवढे, भुरकट, वर टोकदार आणि इतके पातळ की बोट लावायची भीती वाटावी.

"काय फरक दिसते?" बाईंनी विचारलं.

मी दोन्ही उलटसुलट करून पाहिले. "एक जरा मोठा आहे, एक लहान."

बाईंनी शंख परत घेतले. "भाडेकरू म्हणून चालसान तुमी," त्या म्हणाल्या. "विद्यार्थी म्हणून चालले नसते."

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला जनावरांचा डॉक्टर होतो. दवाखाना बाळापूर तालुक्यात होता आणि अकोल्याहून रोज एसटीने जाणं-येणं जमण्यासारखं होतं. बाई अकोल्यातल्याच एका कॉलेजातून प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एकट्याच. लग्न केलं नाही की झालं नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं गोत्र, गाव, पगार यातलं काही विचारलं नाही. अंजनगाव सुर्जीचा आहे, घरी पानमळा आहे, असं मीच सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे एकदम चमकले.

"पानमळ्याच्या पाटात कोनती गोगलगाय सापडते तुमच्याकडं?"

चोवीस वर्षं मी त्या पाटात पाय धुतले होते. मला सांगता आलं नाही.

गल्लीत त्यांना शंखवाल्या बाई म्हणत. घराच्या गच्चीवर सिमेंटची सहा टाकी होती आणि प्रत्येकात वेगळ्या ठिकाणची गोड्या पाण्यातली गोगलगाय. एकात मोर्णा नदीतली, एकात पूर्णेतली, एकात कुठल्याशा शेततळ्यातली. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्याने सोसलंय त्याला कळेल, की सहा टाकी पाणी थंड ठेवणं म्हणजे काय. दुपारी सगळी गल्ली कूलरसमोर आडवी पडलेली असायची, तेव्हा बाई डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून गच्चीवर पोत्यांवर पाणी मारत असायच्या. मला घरात एकच नियम होता. साबणाचं पाणी गच्चीवरच्या मोरीत सांडायचं नाही. बाकी मी कधी येतो, कोण भेटायला येतं, काय शिजवतो, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं.

स्वयंपाकघरात दोन गाळण्या होत्या. पांढरा दोरा बांधलेली चहाची आणि लाल दोरा बांधलेली तळ्यातला गाळ गाळायची. दोन्ही एकाच खिळ्याला. त्यांच्याकडे चहाला आलेला माणूस दोऱ्याचा रंग पाहिल्याशिवाय कप उचलत नसे.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूच्या कापायच्या आणि शिसपेन्सिलीने लिहायच्या. शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिल उतरत नाही. नाव लिहिलं की पुढे 'असावी' हा शब्द यायचा. अमुक जातीची असावी. नुसतं नाव लिहिलेली बाटली त्या घरात मी फार थोड्या वेळा पाहिली. एकदा मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं झाली, आता तरी 'आहे' लिहा." त्या म्हणाल्या, "मी जिथून जिथून आणली तिथं तिथं हाय. बाकी मले काय माईत?"

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची गोष्ट मला त्यांच्याच कॉलेजातल्या एका शिक्षकाने सांगितली. शाल झाली, नारळ झाला, बाई बोलायला उभ्या राहिल्या. आभारबिभार काही नाही. "प्रयोगशायेत तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथी बरनी हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यावरचं नाव चुकीचं हाय. सव्वीस वर्षं मी पोरायले त्याच नावानं शिकवलं. मले गेल्या महिन्यात समजलं. कोनाचा पत्ता माईत असन तं त्यायले कळवा." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना.

भाचीच्या लग्नात तर मी स्वतः होतो. लग्न बाळापूरला होतं, म्हणून मलाही आमंत्रण होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि मावशी कुठे गेली म्हणून शोधाशोध सुरू झाली. मला अंदाज होता. किल्ल्याच्या खाली नदीत बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. नवी कोरी साडी कमरेला खोचलेली, एका हातात पत्रावळीवरचा द्रोण, आणि द्रोणात सात-आठ गोगलगायी. मला पाहून म्हणाल्या, "आलोच. अक्षता पडल्या का?"

हे सगळं मला त्या वेळी गमतीचं वाटायचं. मित्रांना मी बाईंच्या नकला करून दाखवायचो. नकला बंद कशा झाल्या, ते सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तालुक्यातल्या एका गावात मेंढ्या आणि बकऱ्या खंगायला लागल्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, जनावर खाणं सोडायचं आणि महिना-दोन महिन्यांत मरायचं. मेलेली एक मेंढी मी उघडून पाहिली. यकृतात पानाच्या आकाराचे चपटे कृमी होते. रोग ओळखीचा होता. या कृमीची पिल्लं आधी पाण्यातल्या एका गोगलगायीच्या पोटात वाढतात, मग बाहेर पडून गवताला चिकटतात आणि ते गवत खाल्लं की जनावराच्या पोटात जातात. त्या गोगलगायीचं नाव लिम्निया.

गावाला लागून एक मोठं तळं होतं. काठावर गेलो तर टोकदार शंखांच्या गोगलगायी हव्या तितक्या. मी मोबाइलवर फोटो काढला, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला. चित्र जुळलं. अर्ध्या तासात मी ग्रामपंचायतीला लिहून दिलं, की तळ्यात रोग पसरवणारी लिम्निया गोगलगाय मोठ्या प्रमाणावर आहे. गावाने ठरवलं, येत्या गुरुवारी तळ्यात मोरचूद टाकायचं. मोरचुदाने गोगलगाय मरते. मासेही मरतात.

ते तळं भोई समाजाच्या चाळीस घरांकडे होतं. त्यात त्यांची मासोळी होती आणि वर शिंगाड्याचे वेल पसरलेले. सोमवारी त्यांच्यातली कौसाबाई नावाची म्हातारी दवाखान्यात आली. ओरडली नाही, रडली नाही.

"साहेब, शिंगाडा निघेपर्यंत तरी थांबा म्हना त्यायले," ती म्हणाली. "तुमच्या कागदावरच सारं हाय."

"मावशी, जनावरं मरून राहिली ना," मी म्हटलं.

"मरून राहिली, मले दिसते. पर आमची जनावरं बी त्याच तयावर पानी पेतात. त्यायले कावून नाई झालं?"

मी तिला म्हटलं, बघतो. नोकरीत बघतो म्हणायला मी तोवर शिकलो होतो.

त्या संध्याकाळी बाई वरच्या खोलीत मला तुरीच्या शेंगा द्यायला आल्या. टेबलावर मी त्या तळ्यातून आणलेली बाटली होती. बाईंनी शेंगा खाली ठेवल्या आणि न विचारता बाटलीतून एक शंख काढला. टोक वर केलं, उघडं तोंड आपल्याकडे धरलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दुसरा काढला. मग तिसरा.

"काय नाव लिवलं हिचं?"

"लिम्निया."

"तोंड कोनत्या बाजूले हाय पाहा."

मी पाहिलं. टोक वर, तोंड माझ्याकडे. उघडी बाजू माझ्या डाव्या हाताला होती.

"लिम्नियाचं तोंड उजवीकडं ऱ्हायते," बाई म्हणाल्या. "ही डावीकडं उघडते. ही फायसा हाय. बाहेरून आलेली हाय, पन तुमचा किडा हिच्या पोटात वाढत नाई. पयल्या दिवशी मी हेच दोन तुमच्या हातावर ठेवले होते, डॉक्टर."

मी घाईघाईने पुस्तक काढलं आणि त्यातलं चित्र दाखवलं. बाईंनी ते निरखून पाहिलं. "चित्र उलटं छापलं हाय," त्या म्हणाल्या. "होते असं. चित्र पाहून नाव घेतलं तं होते."

माझ्या अर्ध्या तासाच्या कागदावर चाळीस घरांचं तळं गुरुवारी विषारी होणार होतं. "मग आपण उद्याच सांगू, की तळ्यात लिम्निया नाही," मी म्हणालो.

"बाटलीत नाई," बाई म्हणाल्या. "तयाचं मले काय माईत?"

मंगळवारी पहिल्या एसटीने आम्ही गेलो. बाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. कमरेला पदर खोचून, हातात लाल दोऱ्याची गाळणी घेऊन त्यांनी तळ्याच्या काठाने फिरायला सुरुवात केली. दर पाच पावलांवर वाकायचं, गाळणी फिरवायची, शंख तळहातावर घ्यायचा, टोक वर करायचं, तोंड पाहायचं. डावं. परत पाण्यात सोडायचा आणि मला सांगायचं. मी वहीत काडी ओढायचो. दुपारी ऊन चढलं. मी बाभळीखाली बसलो. बाई बसल्या नाहीत. कौसाबाई आणि आणखी दोघी-तिघी भोयिणी बराच वेळ लांबून पाहत होत्या, त्या मग स्वतःच पाण्यात उतरल्या आणि शंख आणून देऊ लागल्या. तासाभरात कौसाबाई हातात घेतल्याबरोबर सांगायला लागली, "डावी." बाईंनी तिचे पहिले पन्नास शंख पुन्हा तपासले. एकही चुकला नव्हता. त्यानंतर बाईंनी तिचे शंख तपासले नाहीत.

चारच्या सुमाराला सांडव्याजवळ बाई थबकल्या. तळहातावरचा शंख त्यांनी तीनदा वळवून पाहिला. उजवा. रिकामा होता, आत जीव नव्हता. थोड्या वेळाने तिथेच आणखी एक सापडला. तोही उजवा, तोही रिकामा. बाईंनी दोन्ही कागदात बांधले आणि बांध चढून पलीकडे उतरल्या.

बांधाच्या पलीकडे झिरपणाऱ्या पाण्याचं एक डबकं होतं. वर्षभर ओलं. भोवती हिरवंगार गवत, आणि त्या गवतात मेंढ्यांच्या खुरांचे ठसेच ठसे. कडक उन्हात गावात दुसरीकडे हिरवं काही उरत नाही, म्हणून धनगर मेंढ्या तिथे आणायचे. बाईंनी गाळणी एकदा फिरवली. सतरा गोगलगायी आल्या. सतराच्या सतरा उजव्या, जिवंत.

मी आनंदाने ओरडणारच होतो. बाई चिखलात बसून होत्या, श्वास लागला होता. म्हणाल्या, "यायच्या पोटात किडा हाय का ते पाहा लागन. नुसतं तोंड पाहून कोनाले चोर म्हनता येत नाई."

बुधवारी सकाळी काचेच्या पेल्यात ठेवलेल्या त्या गोगलगायी आम्ही खिडकीच्या उजेडात धरल्या; उजेड लागला की कृमीची पिल्लं त्यांच्या पोटातून बाहेर पडतात. पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला. शेपटीवाले बारीक बारीक कण वळवळत होते. मी पुस्तकात ते शंभरदा वाचलं होतं, प्रत्यक्ष तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी मला पुस्तकातला तपशील एकेक ओळ वाचायला लावला आणि प्रत्येक ओळीनंतर डोळा लावून पाहिलं. अडीच तासांनी त्या म्हणाल्या, "हे तेच हायेत."

मग मोरचूद टाकण्याआधी होणाऱ्या गुरुवारच्या ग्रामसभेसाठी त्या कागद लिहायला बसल्या, आणि आमचं भांडण झालं.

त्यांनी लिहिलं होतं: 'तळ्याच्या काठाने सहाशे तेरा शंख पाहिले. सहाशे अकरा डाव्या तोंडाचे. दोन उजव्या तोंडाचे, दोन्ही रिकामे, सांडव्याजवळ. तळ्यात उजव्या तोंडाची जिवंत गोगलगाय दिसली नाही. ती नाहीच, असे मला म्हणता येत नाही.'

"बाई, शेवटची ओळ काढा," मी म्हणालो. "आणि ते दोन शंखही. रिकामे होते. पाखरानं डबक्यातून आणून टाकले असतील."

"असतीन. मी पाखरू पायलं नाई."

"गावातली माणसं घाबरलेली आहेत. दोन सापडल्या म्हटल्यावर ते काही ऐकणार नाहीत. चाळीस घरांचं पोट जाईल, तुमच्या दोन ओळींपायी."

बाई पेन्सिल हातात फिरवत राहिल्या. "मले समजत नाई काय हे?" अखेर त्या म्हणाल्या. "पन उद्या कोनाले तिसरी सापडली, तं बाकीच्या सहाशे अकरावर कोन विश्वास ठेवन?"

कागद तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी कणीक मळून ठेवली आणि पोळ्या केल्याच नाहीत. मी खाली डोकावलो तेव्हा परातीत कणीक वाळत पडली होती आणि बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

गुरुवारी ग्रामपंचायतीसमोर सगळा गाव जमला. मोरचुदाची पोती ओट्यावर रचलेली. एका बाजूला मेंढ्या गेलेले लोक, दुसऱ्या बाजूला भोई. मी उभा राहिलो. वही, कागद काही हातात न घेता सांगितलं, की मी लिहून दिलं ते चूक होतं, मी गोगलगाय नीट पाहिली नव्हती. इतक्या लोकांसमोर स्वतःची चूक सांगायची माझी ती पहिली वेळ. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "असा कसा डॉक्टर हाय हा?" मी खाली बसलो.

मग बाईंनी दोन वाट्या फिरवल्या. एकीत तळ्यातले शंख, दुसरीत डबक्यातले. प्रत्येकाने टोक वर करून पाहायचं. लोक पाहू लागले, एकमेकांना दाखवू लागले. पाच मिनिटांत सगळ्या सभेला डावं-उजवं कळलं होतं.

सरपंचांनी विचारलं, "म्हंजे तयात ते उजवी एकबी नाई, असं लिवून देता काय बाई?"

"नाई," बाई म्हणाल्या. "दोन सापडल्या. मेलेल्या होत्या. जित्या दिसल्या नाईत. पन नाईतच असं मी लिवून देनार नाई."

सभेत कुजबुज सुरू झाली. सरपंचांनी पोत्यांकडे पाहिलं. मी कौसाबाईकडे पाहू शकलो नाही.

तेवढ्यात मागे बसलेला एक म्हातारा धनगर उठला. सगळ्यात जास्त मेंढ्या त्याच्या गेल्या होत्या. चौदा.

"मले एक सांगा," तो म्हणाला. "या बाईले तय वाचवाचं होतं, तं दोन सापडल्या हे सांगाचं काम होतं काय? आपल्याच बोलन्याले नडन असं सांगते थे. थे खोटं कायले बोलन?" तो सरपंचांकडे वळला. "माह्या मेंढ्या त्या डबक्यावरच चरत होत्या. तयावर नाई. मी रोज नेत होतो, मले माईत हाय. डबकं बुजवा."

मोरचुदाची पोती परत गेली. डबक्यातलं पाणी चर खणून काढलं, मुरूम टाकला, भोवती काट्यांचं कुंपण घातलं. खणायला भोयांची चाळीस घरं आणि धनगर, दोन्ही होते. मी जनावरांना औषध पाजलं. ज्यांचं यकृत आधीच गेलं होतं ती वाचली नाहीत. त्या म्हाताऱ्याच्या आणखी तीन गेल्या. पण पुढच्या वर्षी त्याच्या कळपात जबड्याखाली सूज आलेली एकही मेंढी मला दिसली नाही. चुकीच्या कागदाबद्दल वरच्या कार्यालयाने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी जे झालं तेच लिहिलं. त्या गुरुवारी परतीच्या एसटीत बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. बाळापूर सोडल्यावर जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "तू सकायपासून काई खाल्लं नसन." तोवर मी 'तुमी' होतो आणि 'डॉक्टर' होतो.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. त्या ग्रामसभेला दहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात बाईंच्या त्या भाचीचा फोन आला. ती आता अमरावतीत असते. मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली आहे, तुम्हाला बोलावते.

मी गेलो. बाई पलंगावर बसल्या होत्या, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मांडीवर एक छापील कागद होता आणि त्या तो बोटांनी चाचपत होत्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "भाची भराभरा वाचते. मले समजत नाई."

संशोधन करणारी एक मुलगी त्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांतून एका प्रकारच्या काही गोगलगायी घेऊन गेली होती. आपल्याकडे प्रत्येक डबक्यात असते ती, चपटी, चकलीसारखी, लाल रक्ताची. बाईंच्या घरात तिच्या दीडशेच्या वर बाटल्या होत्या. त्या मुलीने तिचा डीएनए प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि कळवलं होतं, की बाईंनी एकाच जातीची म्हणून ठेवलेल्या या गोगलगायी मुळात दोन वेगळ्या जातींच्या दिसतात. बाहेरून मात्र त्यांच्यात फरक सापडलेला नाही.

मी वाचून थांबलो. तीस वर्षांचं काम होतं ते.

"तीस वर्षं मी दोघींले एकाच नावानं हाक मारून राहिली," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. त्या हसत होत्या, लहान मुलीसारख्या, पट्टीखालचा गालही वर उचलला होता.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाईट कायचं? एक हाय वाटत होती, दोन निघाल्या. एक जास्तच झाली ना." मग त्या हिशेब करू लागल्या. पट्टी निघाली की अकोल्याला जायचं. दीडशे बाटल्या पुन्हा काढायच्या, एकेक शंख पुन्हा पाहायचा. फरक असणारच, आपल्याला दिसला नाही एवढंच. सात-आठ महिने तरी लागतील. भाची दारात उभी राहून ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

बाईंनी कागद माझ्या हातात नीट दिला आणि उशीला टेकल्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.